मानाची दोरी

आमच्या गावच्या देवळासमोर जी डोलकाठी उभी आहे, तिची दोरी माझ्या आयेने कधीच ओढली नाही. हे मी आधीच सांगून टाकते. मी पत्रकं लिहायला शिकत होते तेव्हा मामा सांगायचा, आरोप आधी, पुरावा मागाहून. वाचणाऱ्याला उगाच आशेवर ठेवायचं नाही. तेव्हा शेवटी आये पुढे होते, दोरी हातात घेते, बावटा सरसर वर जातो आणि गाव टाळ्या वाजवतं, असं काही या प्रकरणात घडणार नाही. ज्यांना तसं हवं असेल त्यांनी ही पानं ओलांडून पुढे जावं.

मालवणहून तारकर्लीकडे जाताना खाडीच्या अंगाला आमची वाडी. आमचं घर शिडं शिवणारं. पावसाळ्यात दर्या बंद झाला की मचवे वाळूवर ओढून माडाच्या झापांनी शाकारले जायचे आणि त्यांची शिडं आमच्या घरी दुरुस्तीला यायची. मग ओटीवर शीड, माजघरात शीड, माळ्यावर शिडांच्या घड्या. घरभर एक खारट, कुबट वास, त्यात शिडं टिकावीत म्हणून चढवलेल्या ऐनाच्या सालीच्या काढ्याचा तुरटपणा मिसळलेला. आम्ही भावंडं त्या घड्यांवरच झोपायचो, तिथेच अभ्यास करायचो, तिथेच फणसाच्या भाजलेल्या आठळ्या खायचो आणि टरफलं शिडात गेली म्हणून बाबांचा मार खायचो. दुपारी उकड्या भाताची पेज, तोंडी लावायला निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा, कधी कुळथाची पिठी. बाहेर पाऊस छपराच्या नळ्यांवर आदळत असायचा आणि आत आयेचा दोरा मेणाच्या गोळ्यावरून ओढला जाताना सुर्र सुर्र वाजायचा. जाड कापडातून सुई बाहेर काढताना ती दरवेळी नाकातून एक बारीक हुंकार द्यायची. आजही कुठे जाड कापड फाडल्याचा आवाज आला की मला तो हुंकार आठवतो.

गावात लोक म्हणायचे, ‘बाबल्याची शिवण म्हणजे शिवण! वादळ फाटात, पण शीड फाटूचां नाय.’ बाबल्या म्हणजे माझे बाबा. बाबा मापायचे, कापायचे आणि मचव्यांच्या तांडेलांशी ओटीवर बसून बोलायचे. शिवण आयेची होती. हे सगळ्या गावाला माहीत होतं आणि तरीही सगळं गाव ‘बाबल्याची शिवण’च म्हणायचं. मी लहान असताना एकदा विचारलंही, ‘आये, शिवतंस तू आणि नाव बाबांचां कित्याक?’ ती म्हणाली, ‘नाव शिवूक लागणा नाय, म्हणून.’ मला त्या वेळी हे उत्तर फार हुशारीचं वाटलं होतं. आता वाटत नाही.

देश स्वतंत्र होणार अशी बातमी आली तेव्हा मी पाटीवर मुळाक्षरं गिरवत होते. मामा मुंबईला एका छोट्या छापखान्यात खिळे जुळवायचा. त्याने पाऊस लागण्याआधी परत येणाऱ्या शेवटच्या मचव्यावर तांडेलाच्या हाती एक कागदी बिल्ला पाठवला होता, कुठल्याशा मिरवणुकीत वाटलेला. तीन पट्टे आणि मधे चरखा. एवढंच आमच्या गावापाशी होतं. मग त्या बिल्ल्यावर बघून आयेने बावटा शिवला. पांढरा पट्टा शिडाच्या नव्या कापडाचा. हिरवा तिने आपल्या चोळीच्या खणांचा जोडला, आणि केशरी करायला आम्ही पोरांनी पहाटे वेचलेल्या प्राजक्ताचे देठ उकळून त्यात कापड बुडवलं. चरखा तिने काळ्या दोऱ्याने भरला, शिडाच्या टाक्याने, म्हणजे जन्मात उसवणार नाही असा. दिल्लीत मात्र त्याच पावसाळ्यात चरखा काढून त्या जागी चक्र आलं होतं. कुणी सांगितलं असतं तर आयेने चक्र भरलं असतं. तिच्या सुईला काय? पण सांगायला कुणी आलंच नाही. दर्या बंद, मचवे-होड्या बंद, आणि वर्तमानपत्र आमच्याकडे यायचं ते किराणा बांधून.

इथपर्यंत तक्रार नाही. तक्रार इथून पुढे आहे.

आमच्या गावाचा कारभार आपा गावकार बघायचा. उंच, गोरा, गळ्यात पंचा, बोलणं इतकं गोड की त्याने कुणाला नाही म्हटलं हे त्या माणसाला घरी पोचल्यावर कळायचं. आमच्याकडे गावात कुठलीही नवी गोष्ट करायची तर देवाला कौल लावतात. पाषाणाला दोन बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. बावटा शिवून झाल्यावर आपाने तोही कौलाला घातला. उजवी पडली. आणि उजवी पडताच आयेच्या बावट्याला गावाने मान दिला. तुम्ही देशावर राहणारे असाल तर हा मान म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्या देवांची तरंगं असतात, म्हणजे लुगडी नेसवलेले उंच खांब. दसऱ्याला ती वाजतगाजत निघतात. कुठलं तरंग कुठल्या घराने धरायचं, कोणी पुढे चालायचं, पहिला नारळ कोणाचा, हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. बावटाही त्याच हिशेबात बसला. काठी रोवायची एका घराने, बावटा डोक्यावरून आणायचा दुसऱ्याने, आणि दोरी ओढायची गावकाराने. आणि मानाच्या वस्तूला बाईमाणसाने हात लावायचा नाही.

मला तो दिवस लख्ख आठवतो, कारण आये बावट्याची एक सुरकुती सारखी करायला पुढे झाली होती. आपा हसून म्हणाला, ‘वयनी, ऱ्हवांदे. आता तेका हात लावूचो नाय हां. मानाचो झालो तो.’

आयेने हात मागे घेतला आणि पदराला पुसला. जणू हातालाच काही लागलं होतं.

नंतर दरवर्षी पावसात एकदा आणि थंडीत एकदा तो बावटा चढायचा. चढण्याआधी त्याला हळद-कुंकू, गुलाल; नारळ फोडून त्याचं पाणी शिंपडायचं; समईच्या तेलाचा हात लावायचा. उतरला की ओलाच्या ओला तरंगांच्या लुगड्यांबरोबर पेटीत. आये बायकांच्या घोळक्यात सगळ्यात पुढे उभी राहायची आणि मान वर करून डोळे बारीक करून त्याच्याकडे बघत राहायची. सगळे ‘की जय’ म्हणत असायचे तेव्हा ती पुटपुटायची, ‘काळो पडलो गो.’ किंवा, ‘कडेक शिवण सुटली मगे.’ एकदा तर परत येताना वाटेत थांबून म्हणाली, ‘ती बुरशीच ती.’ मी तिचा हात धरून चालत असायचे. मला वाटायचं, आयेला दोरी ओढायची आहे. जिने शिवला तिला आणखी काय वाटणार?

पुढे मला शिकायला मामाकडे पाठवलं. मामाची खोली छापखान्याच्या वरच होती. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. खाली यंत्र चालू असेतोवर वर आमची भांडी खडखडत असायची. मी शाळेतून आले की पत्रकांच्या घड्या घालायचे, मग मुद्रितं तपासायला लागले, मग हळूहळू लिहायलाही. चार ओळींत माणसाला घराबाहेर काढता आलं पाहिजे, असं मामा म्हणायचा. तिथेच एका पुस्तकाचं मुद्रित वाचताना देशाने आपलं निशाण कसं निवडलं ते मला पहिल्यांदा कळलं. समिती नेमली होती. कुठला रंग कशासाठी यावर वाद झाले, कुठल्या धर्माला काय वाटेल यावर झाले, चरखा ठेवायचा की काढायचा यावर झाले. चरखा मागून बघितला तर उलटा दिसतो. चक्र दोन्ही बाजूंनी सारखंच दिसतं, हेही एक कारण सांगितलं गेलं. मग भर सभेत ठराव मांडला, भाषणं झाली, आणि सगळ्यांनी उभं राहून तो मान्य केला. मी ते मुद्रित पुन्हा पहिल्यापासून वाचून काढलं. म्हणजे हे आकाशातून पडलेलं नाही! माणसांनी भांडून, कारणं देऊन, एकमेकांचं ऐकून ठरवलेलं आहे. आमच्या वाडीला त्यांनीही विचारलं नव्हतं, हे खरं. पण निदान त्यांनी पाकळी तरी चिकटवली नव्हती.

चळवळ यशस्वी झाली, राज्य आलं, मी मॅट्रिक झाले आणि बाबांनी लग्नाचं बघायला म्हणून मला गावी बोलावून घेतलं. आले तर काय! शाळेच्या पुस्तकात चक्र, देवळासमोरच्या डोलकाठीवर चरखा. मुलं आत चक्राचं चित्र काढायची आणि बाहेर येऊन चरख्याला सलाम ठोकायची. मी गुरुजींना विचारलं, ‘तुम्हाला हे दिसत नाही?’ गुरुजी घाटावरचे, बदलीची वाट बघत दिवस काढणारे. ते म्हणाले, ‘दिसतं ना. पण सुमाताई, मी इथे परगावचा. देवाच्या कामात मी कसा बोलू?’

‘गुरुजी, हे देवाचं काम नाही. हे सरकारचं काम आहे.’

‘ते तुम्ही गावकारांना सांगा,’ असं म्हणून त्यांनी घंटा वाजवायला लावली. शाळा सुटायला अजून अवकाश होता.

घरी सांगितलं तर बाबा शिडावरून मान न उचलता म्हणाले, ‘मागसून उलटो दिसता तां खरां. शिडाक उलटी बाजू नसता.’ आये म्हणाली, ‘माका तेवाच दिसलां होतां.’ मग थोड्या वेळाने, सुईत दोरा ओवता ओवता, ‘नवो इलो, तर जुन्याचां काय करतत गो?’

‘जुन्याचं काय करायचंय? नवीन बावटा देवाला दाखवायचाच नाही. ना कौल, ना मान. मग दोरी कुणीही ओढेल. तू ओढशील.’

‘मी?’ आये हसली. ‘माका पेज शिजवूची आसा.’

मी त्या हसण्याला संकोच समजले आणि कामाला लागले. कुडाळला जाऊन खादीचा नवा बावटा आणला, नियमाप्रमाणे मापाचा, मधे निळं चक्र. पावसात एसटी वाटेत बंद पडली तेव्हा तो पोटाशी लुगड्यात गुंडाळून उभी होते. मग पत्रक लिहिलं. छापायला जवळ काही नव्हतं, तेव्हा कार्बन लावून हाताने प्रती काढल्या. शब्द अजून पाठ आहेत: ‘गावकऱ्यांनो! आपल्या डोलकाठीवर देशाचा बावटा नाही. ज्या बाईने तुमचा बावटा शिवला, तिला त्याला शिवायला बंदी का? देशाचं निशाण भर सभेत ठरलं, पेटीत नाही. ते सर्वांचं आहे. दोरी सर्वांची आहे.’ घरोघर जाऊन वाटलं. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी बाजारात एका बाईने मला सुकट बांधून दिली ती माझ्याच पत्रकात. वर म्हणाली, ‘कागद बरो आसा गो तुझो. जाडसार.’

पण पत्रकाचा परिणाम झाला, नाही असं नाही. चढवण्याच्या आदल्या दिवशी दुपारी गाव देवळात जमलं. पुरुष सभामंडपात, बायका पायऱ्यांवर आणि मी दोहोंच्या मधे, खांबाला टेकून, कारण मला कुठे उभं राहायचं ते ठरलेलं नव्हतं. मी नवा बावटा उलगडून दाखवला. लोक जवळ येऊन बघू लागले. एकजण म्हणाला, ‘ह्यां तर नुसतां चाक. बाकीचो चरखो खंय?’

दुसरा म्हणाला, ‘दिल्लीवाल्यांका अख्खो परवडलो नाय आसतलो. आमच्या बावट्यात पुरो आसा.’

हशा झाला. मी त्या हशाला मधेच कापलं आणि समिती, ठराव, चर्चा, सगळं सांगितलं. आपा गावकार मान डोलवत शांतपणे ऐकत होता. माझं संपल्यावर म्हणाला, ‘बरां बोलतां चेडू. मुंबयचां पाणी लागलां. पण माका सांग गो बाय, तेंनी थंय सभेत ठरयलां, आमी हयसर देवळात ठरयलां. फरक काय?’

‘फरक असो की, थंय कोणाक नाय म्हणूक येय होतां.’

‘हयसर पण येता की. देव डावी देता कधीकधी.’

‘देव नाय, आपानू! माणसां! माणसांका नाय म्हणूक येवक होयां. हात वर करून मत घेवया. हयसरच. आत्ताच.’

आपा म्हणाला, ‘घेवया.’ आणि मला वाटलं, जिंकले. मग मी सभामंडपाकडे बघितलं तर सगळी डोकी आपाकडे वळलेली. त्याचा हात कुठे जातो ते बघत होती. आपाने हात वर केला तो डोकं खाजवायला, आणि त्याबरोबर अर्ध्या मंडपाचे हात वर गेले. पुन्हा हशा. आपाही हसला. ‘बगलंस? तेच्यापरास कौल बरो. देव तरी माझ्या हाताकडे बगणा नाय.’

आणि त्याने गाऱ्हाणं सुरू केलं. आमच्याकडचं गाऱ्हाणं ज्यांनी ऐकलं नसेल त्यांनी एवढंच ध्यानात घ्यावं की एकजण देवाला सांगतो आणि प्रत्येक वाक्याला गाव हुंकार भरतं.

‘बा देवा म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’

‘ह्यां जां बाबल्याचां चेडू मुंबयसून इलां आसा...’

‘व्हय म्हाराजा!’

‘तेणी कुडाळसून नवो बावटो हाडलो आसा...’

‘व्हय म्हाराजा!’

‘जुन्यात चरखो, नव्यात चाक, असो घोळ झालो आसा...’

‘व्हय म्हाराजा!’

माझा संयम संपला. आपा श्वास घ्यायला थांबला तेवढ्यात मी होत्या नव्हत्या जोराने ओरडले, ‘देवाक इचारूची गरज नाय! ठराव झालो आसा!’

‘व्हय म्हाराजा!’ सगळं गाव म्हणालं.

सवयीने. एकालाही कळलं नाही आपण कशाला हुंकार दिला ते. मी त्या खांबाला धरून उभी राहिले, आणि माझ्या आयुष्यात पुढे कितीतरी सभा उधळल्या, कितीतरी ठिकाणी माझ्यावर चपला आल्या, पण त्या ‘व्हय म्हाराजा’इतकं असहाय्य मला कधी वाटलं नाही. विरोध केला असता तर लढता आलं असतं. त्यांनी मला होकार दिला होता.

‘...काय चुकलां-माकलां आसात तां पोटात घाल. नवो बावटो तुका मान्य आसात तर उजवी दी, नसात तर डावी दी रे म्हाराजा!’

गुरवाने पाकळ्या लावल्या. बाहेर पागोळ्या गळत होत्या. मी मनात म्हणत होते, डावी पडू दे. ज्या बावट्यासाठी पावसात भिजले तो देवाने नाकारावा म्हणून मी त्याच देवाकडे मागत होते, इथपर्यंत त्या लोकांनी मला आणून ठेवलं होतं. डावी पडली असती तर बावटा मानातून सुटला असता, मी तो शाळेच्या अंगणात लावला असता आणि आयेच्या हातात दोरी दिली असती.

उजवी पडली.

मंडपात आनंदीआनंद झाला. लोक माझं अभिनंदन करायला लागले. ‘जिकलंस गो सुमा!’ कुणीतरी नारळ फोडला. गुरवाने माझ्या हातातून बावटा घेतला आणि मी काही बोलायच्या आत त्याला हळद-कुंकू लागलंसुद्धा. मी म्हणाले, ‘तो मी आणलाय!’

‘तू हाडलंस, देवान घेतलो,’ आपा म्हणाला. ‘झालां मा तुझ्या मनासारखां?’

‘आणि दोरी?’

‘दोरी मानाची.’

मी पायऱ्यांकडे वळले. ‘आये, तू सांग. सगळ्यांदेखत सांग. पयलो बावटो कोणी शिवलो? तुका दोरी ओढूची आसा काय नाय?’

सगळ्या बायका आयेकडे बघायला लागल्या. आये हळूच उठली. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला. इतकी वर्षं जी बाई ‘काळो पडलो’ पुटपुटत उभी होती ती आता बोलणार म्हणून मी हात वर करून मंडपाला गप्प केलं.

‘आपानू,’ आये म्हणाली, ‘जुन्याचां काय करतलास?’

मला रडू कोसळायचं बाकी राहिलं. मी हिच्यासाठी गावाशी भांडते आहे आणि हिला जुन्याची पडली आहे!

‘जुन्याचो मान उतरलो, वयनी,’ आपा म्हणाला. ‘आता तां नुसतां कापड. दर्यात सोडूया.’

‘सोडू नुको. माका दी.’

आपाने गुरवाकडे बघितलं, गुरवाने खांदे उडवले. ‘ने,’ आपा म्हणाला. त्यासाठी कौल लागला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवा बावटा चढला. आपाने दोरी ओढली. चक्र अगदी सुरेख दिसत होतं, दोन्ही बाजूंनी सारखं. मुलांनी पहिल्यांदाच पुस्तकातल्या आणि काठीवरच्या एकाच बावट्याला सलाम केला, आणि गुरुजींनी भाषणात माझं नाव घेतलं. मी ‘की जय’ म्हणाले नाही. आये आलीच नव्हती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती चढवायच्या दिवशी देवळासमोर नव्हती. मी तरातरा घरी आले, तिला जाब विचारायचा म्हणून.

ती परसात विहिरीच्या दगडावर बसली होती. वरून पावसाची भुरभुर. पुढ्यात घमेल्यात रिठ्याचा फेस, आणि त्यात तो बावटा. तो मानाचा झाल्यापासून पहिल्यांदाच मी तो इतक्या जवळून बघत होते. तेलाने कडक झालेला, गुलालाचे थर, कडांना हिरवट बुरशी. आये नखाने एक एक डाग सोडवत होती. शिवण तिने सगळीकडे चाचपून बघितली होती. सुटली होती तिथे सुई टोचून ठेवलेली. फेसाचं पाणी आधी लाल निघालं, मग काळं, मग पिवळसर. प्राजक्ताचा रंग तर कधीच उडून गेला होता. खणाचा हिरवा तेवढा तग धरून होता.

‘तू आली नाहीस,’ मी म्हणाले.

‘हेका येळ लागता.’

‘मी काल तुझ्यासाठी एवढं...’

‘माका दोरी नको होती गो,’ आये म्हणाली. ‘माका तो धुवूचो होतो. दर वरसाक बगी होतंय. माझी शिवण, आणि अशी घाणीत.’

मी म्हणाले, ‘आणि तेवढ्यासाठीसुद्धा देवाने मान काढेपर्यंत थांबावं लागलं ना तुला? आपल्या हातचं कापड धुवायला? हे तुला चालतं?’

‘नाय चालणा,’ आये म्हणाली. ‘ह्या टोकाक धर. पीळ.’

मी धरलं. एका बाजूने ती, एका बाजूने मी. मी दात-ओठ खाऊन पिळत होते.

‘इतक्या रागान नुको. फाटात.’

मग तिने तो पडवीतल्या दोरीवर टाकला. ओल्या कापडाच्या वजनाने दोरी खाली आली आणि बावट्याची कड जमिनीला टेकायला लागली. आये म्हणाली, ‘ओढ ती दोरी. वायच ताण.’ मी ओढली. बावटा वर झाला. घरातून बघताना चरखा उलटा दिसत होता.

ही गोष्ट मी कुठे सांगितली की लोक इथे डोळे पुसतात. आता मी म्हातारी झाले म्हणून कुणी तोंडावर बोलत नाही, पण त्यांना वाटतं की बघा, शेवटी आईच्या बावट्याची दोरी लेकीने ओढली, सगळं भरून पावलं. गावी हल्ली सरपंच बाई आहे. चढवायच्या दिवशी ती डोलकाठीपाशी उभी राहते. आपा गावकाराचा नातू दोरीची गाठ सोडतो, कपाळाला लावतो आणि मग तिच्या हातात देतो. देतो! गेल्या वर्षी मी तिला विचारलं, गाठ तूच का नाही सोडत? ती हसून म्हणाली, ‘ऱ्हवांदे गो आजी, तेंचो मान आसा.’

डोळे पुसू नका. मी ओढली ती दोरी कपडे वाळत घालायची होती. दुसरी अजून देवळासमोर आहे.